तुम्ही विचारलंत म्हणून : बातमीदारी शिकायची कुठून?

"बातमी लिहायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" अकरावी-बारावीतली मुलं हे हमखास विचारतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॅमेरा आणि माइक असतो. माझं उत्तर : आधी ग्रामसभेला जाऊन बसा.

जाताना वही आणि दोन पेनं घ्या. पानावर तारीख, ठिकाण आणि सभा प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ टाका. मग डोकी मोजा, अगदी खरोखर. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल तेवढी माणसं नसतील तर सभा तहकूब करावी लागते. दीड हजार मतदारांच्या गावात चाळीस जणांसमोर ठराव 'एकमताने मंजूर' झाला, तर बातमी तिथेच आहे. फक्त ही आधी तहकूब होऊन पुन्हा भरलेली सभा तर नाही ना, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारून घ्या. अशा सभेला गणपूर्ती, म्हणजे ही किमान हजेरी, लागत नाही.

बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पद त्याच्याकडूनच लिहून घ्या. कुलकर्णी की कुळकर्णी, हे डेस्कवर बसून बातम्या तपासणाऱ्या उपसंपादकाला कळणार नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण त्यावर विसंबू नका : पंख्याच्या घरघरीत नेमकं महत्त्वाचं वाक्य बुडतं. अवतरणचिन्हांत फक्त तोंडून निघालेले शब्द घाला. बाकीचं तुमच्या भाषेत.

नवखे सर्वाधिक फसतात ते 'निधी मंजूर' या दोन शब्दांत. सरपंच म्हणतात, "रस्त्याला वीस लाख मंजूर झाले." म्हणजे नेमकं काय? नुसती मागणी गेली, प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला होकार) मिळाली, तांत्रिक मान्यता (आराखडा-अंदाजपत्रकाला अभियंत्यांचा होकार) झाली, की ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कार्यारंभ आदेश निघाला? यातल्या कुठल्याही टप्प्याला लोक सर्रास 'मंजूर' म्हणतात. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा, जमल्यास कागदाचा फोटो काढा. कागद नसेल तर 'असे सरपंचांनी सांगितले' हे शब्द बातमीत राहू द्या. आणि लाखातली शून्यं दोनदा मोजा.

आता लिहिणं. 'ग्रामसभा उत्साहात संपन्न झाली, अध्यक्षस्थानी अमुक होते' ही सुरुवात पाहिली की उपसंपादक कपाळाला हात लावतो (तरी ती रोज छापून येते, ते सोडा). इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, निर्णय हवा : 'वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीचे काम अर्धवट सोडणाऱ्या ठेकेदाराचे बिल रोखण्याचा ठराव शुक्रवारी ग्रामसभेने केला.' पंचवीस-तीस शब्द पुरे. का आणि कसं, ते दुसऱ्या परिच्छेदात. पाहुण्यांची यादी शेवटी, कारण जागा कमी पडली की कात्री खालून लागते.

त्या ठेकेदाराला फोन केल्याशिवाय बातमी पाठवू नका. 'संपर्क होऊ शकला नाही' हे खरोखर प्रयत्न केला असेल तरच लिहायचं.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव छापायला कायद्याची बंदी आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मूल असेल तर शाळा, पत्ता, घरच्यांची ओळखसुद्धा देता येत नाही. 'वस्तीवरच्या शिक्षकाची मुलगी' एवढं लिहिलं तरी गावाला कळतं.

एखादा कागद मिळालाच नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि १५० शब्दांत आटपा. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम न लिहिता 'अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत' असं नेमकं मागा (झालेल्या कामाची मापं या पुस्तिकेत नोंदवतात). उत्तराची मुदत ३० दिवसांची.