जुन्या लुगड्यातलं बाळ : आमची वाटचाल

आम्ही नाताळसाठी कापडी बाहुल्या शिवतो, म्हणून आमचा नाताळ पावसाळ्यातच सुरू होतो. जुलैत मंगलदास मार्केटमधून मांजरपाट येतो. तो आधी रात्रभर भिजवायचा, खळ काढायची, खळखळून धुवायचा. नाहीतर शिवलेली बाहुली पहिल्याच धुण्यात आटते आणि मेंढपाळाचा एक हात आखूड होतो. मुंबईच्या पावसात कापड वाळवणं म्हणजे काय, हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. भायखळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत ऑगस्टभर दोऱ्यांवर कापड असतं आणि त्याखालून माणसं वाकून चालतात.

आम्ही कापडी गव्हाणी शिवतो, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. मरिया, योसेफ, बाळ, मेंढपाळ, मागी (पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले ज्ञानी लोक), गाय, गाढव. शिवाय गोधड्या, बाळंतविडे आणि चर्चसाठी वेदीवरची वस्त्रं. मशीन फक्त गोधडीचं अस्तर जोडायला, बाकी सगळं हातशिलाई.

मुळात हे काम सासूबाईंचं. सासरे परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. तो मिटला असं रीतसर कोणी कधी जाहीर केलंच नाही. घरात गिरणीच्या कापडाचे तुकडे होते आणि शेजारणींकडे जुनी लुगडी. त्यातून सासूबाई गोधड्या शिवू लागल्या, आधी मजुरीवर, मग चर्चच्या महिला मंडळाच्या नाताळ सेलसाठी. टाका त्यांच्या आईचा. आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं ते आधी इथेच, मुंबईत. पुढे केडगावला विणकाम, शिवण, छपाई असं सगळं बायकांच्या हाती दिलं. आमच्या घरात रमाबाईंचं नाव निघालं की सासूबाई पदर सावरून बसायच्या.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय ९ हा त्यांचा आवडता. यापो गावची टबीथा मरते, येशूचा शिष्य पेत्र येतो, तेव्हा विधवा रडत रडत तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवतात. सासूबाई म्हणायच्या, “बघ, तिच्याबद्दल कोणी भाषण नाही केलं. कपडे दाखवले.” माझं मत विचाराल तर आमच्या धंद्याची जाहिरात यापेक्षा चांगली कोणी लिहिलेली नाही.

गव्हाणी माझ्या काळात आल्या. क्रॉफर्ड मार्केटात प्लॅस्टिकचे सेट ढिगाने मिळतात, मुलांच्या हातून पडले तरी फुटत नाहीत आणि आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतात. त्यांच्याशी किमतीत भांडण्यात अर्थ नव्हता. मग आमच्याकडे वेगळं काय? शुभवर्तमानात लूक म्हणतो, मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. आपल्याकडे बाळंतं म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं कापड, नवं कापड तान्ह्याला टोचतं म्हणून. आमच्या प्रत्येक बाळाला आम्ही वापरलेल्या लुगड्याचाच तुकडा गुंडाळतो. बऱ्याच गिऱ्हाइकांना सॅटिन हवं असतं, वर जरीची किनार. “देवाचं लेकरू आहे हो, जरा चांगलं कापड घाला.” आम्ही हसून नाही म्हणतो. उतारशाळेत जागा न मिळालेल्या आईच्या गाठोड्यात सॅटिन कुठून येणार?

मग लोक स्वतःच कापड आणू लागले. कोणी आजीच्या नऊवारीचा पदर, कोणी आईची विटकी सुती साडी. वसईहून एक ताई लाल लुगडं घेऊन आल्या, त्यांच्या सासूबाईंचं. त्यातून बाळंतं निघालं, मरियेचा पदर निघाला आणि उरलेल्यात त्यांच्या नातीची दुपटी झाली. अशा कामाचा हिशेब बसत नाही, कारण प्रत्येक कापड वेगळं, विरलेलं कुठे ते उन्हात धरून बघावं लागतं. तरी ते आम्ही सोडणार नाही.

मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी असते, खरी. दख्खनी मेंढीची काळी लोकर, सनगरांनी खड्डामागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पट्टणकोडोलीकडची एक घोंगडी कापली की बरेच मेंढपाळ होतात. ती इतकी राठ असते की बोटं सोलतात आणि साधी सुई चालत नाही, दाभण लागतो. पण रात्री रानात मेंढरं राखणारा माणूस महाराष्ट्रात दुसरं काय पांघरणार! घोंगडीला आता गिऱ्हाईक कमी, म्हणून आम्ही घासाघीस करत नाही.

मागींना पैठणीचे तुकडे. ते किती होते हे शुभवर्तमानात मत्तय सांगत नाही, भेटी तेवढ्या तीन: सोनं, ऊद, गंधरस. आम्ही तीनच शिवतो, पण वेगळ्या पिशवीत देतो आणि चिठ्ठी घालतो की यांना ६ जानेवारीला, मागी आल्याच्या सणाला, बाहेर काढा. निम्मे लोक पहिल्याच दिवशी काढतात.

चर्चच्या कामात रंगाची धास्ती. आगमनकाळाचा (नाताळाआधीचे चार आठवडे) जांभळा आणि नाताळचा पांढरा एकाच पेटीत राहतात, म्हणून जांभळ्या कापडावर ओला पांढरा कपडा घासून बघितल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही. २०२० मध्ये प्रार्थनास्थळं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद होती आणि हे काम जवळपास थांबलं. मास्क शिवून घर चाललं.

एक नियम गिऱ्हाइकांना खटकतो. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आम्ही ऑर्डर बंद करतो. ऐन हंगामात! फोन तर २० डिसेंबरपर्यंत वाजतच असतो. पण शिवणाऱ्या बायकांच्या घरीही करंज्या आहेत, कॅरल पार्टी आहे, दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या आहेत. वाट पाहण्याचे ते चार आठवडे आमचं बाकीचं आयुष्य चालवतात, आणि दुसऱ्यांची गव्हाण भरताना आपण जागरणाने चिडचिडे व्हावं हे मला पटत नाही. नुकसान होतं. ते धरूनच भाव लावलेला आहे.

जानेवारीत डागडुजी. जुने सेट परत येतात, त्यात गाढवाचा कान हमखास तुटलेला असतो, मुलं त्यालाच धरून उचलतात. कान फुकट लावून देतो. कुरिअरचं भाडं मात्र ज्याचं त्याने द्यायचं.