रविवारची साफसफाई आणि आमचे मासे

मागच्या जानेवारीत मुलीच्या वाढदिवसाला दोन फुटी फिश टँक घेतला. चार गोल्डफिश, दोन मॉली. दुकानदार म्हणाला, "अँटीक्लोरीनचे थेंब टाका आणि सोडा, काही होत नाही." आम्ही त्याच संध्याकाळी सोडले.

मी मूळची टापटीप बाई. दर रविवारी मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतायचं, खडे मोरीत चोळून धुवायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करायचा. टँक असा चकचकायचा की पाहुणे कौतुक करून जात. आणि मंगळवार-बुधवारपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागायचे. पहिला गोल्डफिश गेला तेव्हा दुकानदाराने निळं औषध दिलं. दुसरा गेला तेव्हा त्याचाच डोस वाढवायला सांगितलं. माशांना गुण आला नाही. टँकच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन मात्र निळं झालं, ते आजही निळंच आहे.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, तुर्भ्याला एमआयडीसीत केमिस्ट होते. लिफ्टमध्ये विषय निघाला तर त्यांनी एकच विचारलं, "पाणी मोजलंत का?" मी म्हटलं, अहो, आरशासारखं आहे. ते म्हणाले, "अमोनिया दिसत नाही हो."

किट आणलं. परीक्षानळीत पाच मिलीलिटर पाणी, त्यात थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य, हिरवं होत गेलं तर अमोनिया. नळाचं पाणी पिवळंच राहिलं, म्हणजे आमच्याकडे जिथून पाणी येतं त्या मोरबे धरणाचा यात काही दोष नव्हता. टँकचं पाणी दुसऱ्याच मिनिटाला हिरवं व्हायला लागलं आणि शेवटी कार्डावरच्या ४ पीपीएमच्या रंगाला जाऊन टेकलं. असायला हवा शून्य.

मग काकांनी चहा घेता घेता सगळं समजावलं. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, शिवाय विष्ठा आणि उरलेले दाणे कुजून तो वाढतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, पाणी बदललं की जातं. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर वस्ती करतात. म्हणजे मी दर रविवारी मोरीत वाहवत होते ते हेच, वर नळाच्या क्लोरीनचा मारा. निळ्या औषधानेही त्यांचं नुकसान होतं ते वेगळंच. चिडचिड झाली, दुकानदारावर आणि जास्त स्वतःवर.

उरलेल्या चार माशांसह सगळं पुन्हा सुरू केलं. रोज फक्त १२-१५ लिटर पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं. खाणं निम्म्यावर. स्पंजला हात लावायचा नाही. फारच गाळ बसला तर टँकच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस. ती मळकट तपकिरी चिखलासारखी साय बघून माझा हात शिवशिवायचा.

तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला आणि नायट्राइटची नळी जांभळी व्हायला लागली. नायट्राइटमुळे माशाचं रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मिठातलं क्लोराइड नायट्राइटचं कल्ल्यांतून आत शिरणं अडवतं. म्हणून लिटरला एक ग्रॅम हिशोबाने जाडं मीठ, बादलीत विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आता फोडणीच तेवढी राहिली." ते खारं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका; माझ्या कढीपत्त्याने एकदाच चाखलं आणि पानं टाकली. मार्चच्या शेवटी दोन्ही नळ्या शून्यावर आल्या आणि नायट्रेट दिसायला लागलं. साधारण सहा आठवडे लागले. मीठ हळूहळू निघून गेल्यावरचं पाणी आता तुळशीला जातं, तिला ते मानवलंय. गोल्डफिशला दोन फुटी टँक मुळातच अपुरा. ते दोन्ही मासे काकांच्या मोठ्या टँकमध्ये गेले. राहिल्या मॉली.

मे महिन्यात एका बुधवारी सकाळी वीज गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. पाणी ३२ अंशांवर. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, त्यात एअर पंप बंद. मॉली वर आल्या. मी ऑफिसात. फोनवर सांगितलं की टँकचंच पाणी तांब्यात घेऊन जरा उंचावरून परत ओतत राहा, म्हणजे हवा मिसळते. टँक घरात आल्यापासून "ही कसली कटकट" म्हणणाऱ्या सासूबाई खुर्ची टाकून दीड तास अभिषेक करत बसल्या होत्या, असं मुलीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अमोनिया ०.२५ निघाला. स्पंजवरच्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, त्यांनाही फटका बसला असणार. मी थोडं पाणी बदललं आणि म्हटलं, आज खाणं द्यायचं नाही. सासूबाईंना ते अजिबात पटेना. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाल्या, "गुरुवार आहे. चला, यांचाही उपास."