वीज आली, पण सर्व्हर पासवर्डपाशी अडलाय

घरचा विंडोज संगणक सर्व्हर म्हणून चालवताना आपोआप लॉगिन कसं लावायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून आधी एक सांगतो: बहुतेकांना ते लागतच नाही. फाइल शेअरिंग, डेटाबेस, वेब सर्व्हर हे सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन न करताही विंडोजबरोबर मागे सुरू होणारे प्रोग्रॅम म्हणून चालतात. पासवर्डची स्क्रीन तशीच उभी असली तरी त्यांचं काम सुरू असतं. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं साधन) ती संगणक सुरू होताच चालेल आणि कोणी लॉगिन केलेलं नसलं तरी चालेल, असे दोन्ही पर्याय निवडा. तिथे मॅप केलेली झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर) मात्र दिसत नाही, शेअरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. स्क्रिप्ट हातानं चालते आणि शेड्युलरमधून पडते, तेव्हा आधी हेच तपासा.

डेस्कटॉपवर खिडकी उघडल्याशिवाय न चालणारा प्रोग्रॅम असेल, तरच आपोआप लॉगिनच्या वाटेला जा. त्यासाठी वेगळं साधं खातं काढा, अ‍ॅडमिनचं नको. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणारी जागा) डिफॉल्टपासवर्ड या नावाखाली पासवर्ड लिहायची जुनी रीत टाळा, तिथला पासवर्ड उघडा वाचता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोलॉगॉन हे छोटं साधन तो एन्क्रिप्ट करून ठेवतं, पण अ‍ॅडमिन हक्क मिळालेला माणूस तोही काढू शकतो, म्हणून हा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच द्या. तो बरोबर आहे का हे ऑटोलॉगॉन तपासत नाही. चूक थेट पुढच्या रीस्टार्टला कळते. नंतर पासवर्ड बदललात तर इथेही बदला.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट: लॉगिन होताच स्क्रीन लॉक करा. त्या खात्याच्या लॉगिनला चालणारं टास्क बनवून त्यात स्क्रीन लॉक करणारी ही कमांड द्या: rundll32.exe user32.dll,LockWorkStation प्रोग्रॅम मागे चालू राहतात. फक्त स्क्रीनवर माउस फिरवून काम करणारे अडतात.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या सेटिंग्ज) वीज परतल्यावर 'पॉवर ऑन' निवडा, विंडोजमधली स्लीप बंद करा. बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) सुरुवातीला पिन मागत असेल तर संगणक विंडोजपर्यंत पोचणारच नाही.

चाचणी नुसत्या रीस्टार्टनं होत नाही. शट डाउन करा, प्लग काढा, मिनिटभरानं लावा आणि कीबोर्डला हात न लावता दुसऱ्या संगणकावरून सर्व्हर गाठून बघा.