विहिरीवरची बेगोनिया: प्लासेंटाचा काप जमला

मंडळी, जमला! फुलातल्या अंडाशयाचा, म्हणजे पुढे बोंड होणाऱ्या भागाचा, आडवा काप, न चिरडता. तिन्ही कप्पे उघडे, मधल्या भिंती सरळ, आणि प्रत्येक कप्प्यात आतल्या कोनातून बाहेर आलेला प्लासेंटा (बीजांडं, म्हणजे भावी बिया, जिथे चिकटलेली असतात तो भाग) बीजांडांसकट जागच्या जागी. श्रावणापासून हे एवढंच बघायचं होतं.

रोपं तीच, आत्याच्या देवरुखच्या विहिरीच्या जांभ्या भिंतीवरून आणलेल्या बोंडातल्या बियांची. मुळात नाव लावायला इतका वेळ का लागतोय, असं काहींनी विचारलं होतं. कारण पान. एकाच बोंडातल्या बिया, पण बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यातल्या रोपाचं पान तळहाताएवढं, पातळ, कडांवर जेमतेम दाते. आणि जाळीखाली उजेडात वाढलेल्याचं त्याच्या निम्मं, जाडसर, लालसर शिरांचं. फोटोवरून दोघांनी मला दोन वेगळी नावं सांगितली होती! आपल्याकडच्या कंदवाल्या पावसाळी बेगोनियांत क्रेनाटा (ड्रायँडरने 1791 मध्ये दिलेलं) हे जातीचं नाव फोटोंवर सर्रास चिकटवलं जातं. पण कोकणातून कॉन्कनेन्सिस या जातीचंही वर्णन आहे, आणि डाल्झेलने वर्णन केलेली ट्रायकोकार्पा सह्याद्रीतलीच. ट्रायकोकार्पाचं फळ केसाळ, माझ्या रोपांची बोंडं गुळगुळीत, तेव्हा ती बाजूला ठेवली. बाकीच्यांसाठी फुलाच्या आत शिरल्याशिवाय गत्यंतर नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्कने 1879 मध्ये ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या दुसऱ्या खंडात बेगोनियांची मांडणी केली तेव्हापासून प्रश्न तोच आहे: अंडाशयाला कप्पे किती, आणि प्रत्येक कप्प्यातला प्लासेंटा एकसंध की दुभंगलेला. 2018 मध्ये डीएनएच्या आधाराने अख्ख्या वंशाची 70 गटांत नव्याने विभागणी झाली, तरी हातात रोप धरून बसलेल्या माणसाला अजून तोच काप घ्यावा लागतो. दोन हजारांवर जातींच्या वंशात तेवढ्या एका खुणेने मोठमोठे गट एकदम बाजूला होतात, म्हणून मला ती पानाच्या शंभर फोटोंपेक्षा मोलाची वाटते.

अडचण अशी की बेगोनियाचं अंडाशय म्हणजे पाणीच. बाहेर तीन पंख, आत पातळ भिंती आणि धुळीसारखी असंख्य बीजांडं. ताज्या फुलावर पातं टेकवलं की पंख आधी मुडपतो, भिंत त्याच्यामागे ओढली जाते आणि प्लासेंटा तुटून पाण्यात तरंगू लागतो. गाजरात खाच करून त्यात धरून पाहिलं, पपईच्या देठात धरून पाहिलं. कॉलेजात खोडाचे काप याच पद्धतीने सुंदर यायचे, पण खोडाला स्वतःचा ताठपणा असतो. इथे गाजर घट्ट आणि अंडाशय मऊ, त्यामुळे पातं गाजर कापतं आणि अंडाशय दाबतं.

त्यात फुलांची टंचाई. झुबक्यात नरफुलं आधी उमलतात, मादीफुलं मागाहून आणि थोडी. कापलेलं प्रत्येक मादीफूल म्हणजे बियांचं एक बोंड कमी. म्हणून सरावासाठी नर्सरीतली नेहमीची सेंपरफ्लोरेन्स बेगोनिया आणली. तिला फुलांचा तोटा नाही, आणि तिचा प्लासेंटा दुभंगलेला असतो हे आधीच ठाऊक असल्यामुळे काप बरोबर आला की नाही ते ताडून बघता येतं. जंगली जातीवर हात टाकण्याआधी सगळ्यांनी हे करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

मार्ग सापडला तो किराणा दुकानात. खंडेराव मार्केटजवळ आईसाठी उपासाचं सामान घेताना चायना ग्रासचं पाकीट समोर दिसलं. चायना ग्रास म्हणजे अगरच की, समुद्री शेवाळातून काढलेला जेलीसारखा थिजणारा पदार्थ! प्रयोगशाळांत मऊ ऊती अगरमध्ये बसवूनच कापतात. पट्ट्यांपेक्षा पूड घ्या, ती सारखी विरघळते. 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम, पूर्ण उकळून. अंडाशयावर ओतण्याआधी ते 50 अंशांच्या आसपास उतरू द्यायचं, नाहीतर अंडाशय शिजतं. 40 अंशांच्या खाली ते थिजतं आणि पुन्हा वितळायला 85 अंश लागतात, त्यामुळे बडोद्याच्या उकाड्यातही ठोकळा टणक राहतो. जिलेटिन इथे टिकलं नसतं.

अंडाशय आधी 70 टक्के अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवलं, म्हणजे भिंती ताठ होतात. मग साध्या पाण्यात नीट धुतलं. ही पायरी गाळू नका. अल्कोहोल उरलं तर अगर धरत नाही आणि पातं लागताच अंडाशय ठोकळ्यातून निसटतं. स्काल्पेलपेक्षा दाढीचं दुधारी पातं कितीतरी पातळ; दर दोन-तीन कापांनंतर नवी कड घ्यायची, पातं ओलं ठेवायचं आणि एकाच ओढीत काप घ्यायचा. काप ब्रशने उचलून सॅफ्रानिन या लाल रंगाच्या पातळ द्रावणात. रंगाची बाटली मात्र जपून निवडा. मला मागवून आलेल्या बाटलीत तळाशी गाळ होता आणि कापांवर लाल ठिपके बसत होते. गाळणकागदातून काढल्यावर थांबले.

आणि मग नवाच पेच. सेंपरफ्लोरेन्सचे काप बिनचूक आले, प्रत्येक कप्प्यात प्लासेंटाचे दोन फाटे. विहिरीवरच्या रोपाच्या पहिल्या चांगल्या कापात एका कप्प्यात प्लासेंटा एकसंध, दुसऱ्यात मधोमध फट. एकाच अंडाशयात दोन तऱ्हा? ती फट खरी असेल तर खालच्या-वरच्या कापांतही ती दिसायला हवी. म्हणून एका ठोकळ्यातले लागोपाठचे काप ओळीने मांडले, क्रम अजिबात न हलवता. फट फक्त त्याच एका कापात. तिच्या कडा फाटलेल्या, एकीवर बीजांडं नव्हती. खऱ्या दुभंगलेल्या प्लासेंटाच्या दोन्ही फाट्यांवर बीजांडं असतात, सेंपरफ्लोरेन्समध्ये ती स्वच्छ दिसतात. म्हणजे ही पात्याची करामत. अंडाशयाच्या मध्यापुरतं माझ्या वहीत आता ‘एकसंध’ लिहिलं आहे. एका कापाच्या फोटोवरून कुणी गट सांगत असेल तर लागोपाठचे काप मागा, एवढं यातून पक्कं.

टोकाकडचे काप अजून बाकी आहेत. प्लासेंटाचं रूप अंडाशयाच्या उंचीनुसार बदलू शकतं, म्हणून ते पाहिल्याशिवाय नाव लिहिणार नाही.

हे लिहितानाच एक सुचतंय. फुलातलंच अंडाशय कशाला? परागण झालं की ते फुगतं, भिंती जाड होतात, बीजांडं मोठी होतात, प्लासेंटाची ठेवण मात्र तीच राहते. म्हणजे उरलेल्या सगळ्या मादीफुलांना आता हाताने पराग लावायचे, त्यांतली एक-दोन कोवळी बोंडं कापायची, बाकीची पिकू द्यायची. काप आणि बिया दोन्ही साधतील. उद्या ठरलेला काप रद्द.

हाताने पराग लावताना भिंगातून कुक्षी, म्हणजे मादीफुलातली पराग झेलणारी टोकं, जरूर बघा. पिवळ्याजर्द, पीळ घेतलेल्या, केसाळ. लांबून थेट नरफुलातल्या परागकोशांसारख्या. मादीफुलात ना मध ना पराग, आणि मधमाशी येते ती याच साम्यामुळे. मी त्या पिळाकडे कितीतरी वेळ बघत बसते.

बियांचंही सांगायचंय. मागच्या बोंडातल्या बिया जांभ्याच्या तुकड्यावर, शेवाळावर नुसत्या भुरभुरल्या होत्या, वर माती न घालता, कारण त्यांना उजेड लागतो. उगवल्या! सूक्ष्मदर्शकाखाली बियांच्या टोकाला झाकण आणि त्याखाली लांबट पेशींची कॉलर, बेगोनियाच्या कुळाची खास ओळख, आणि एका बीचं झाकण उघडून बाजूला झुकलेलं सापडलं. पाणी फक्त पावसाचं साठवलेलं घालते. नळाच्या पाण्याने शेवाळावर पांढरा थर धरतो.

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कोकणातले सुकवलेले नमुने बघू देण्याची विनंती करणारं पत्र लिहायला घेतलंय. सुकलेलं बेगोनियाचं फूल चपटं होतं, पण थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवलं की पुन्हा फुगतं, तेव्हा निदान बोंडाचे पंख तरी ताडता येतील.

नवरात्रापर्यंत पानं पिवळी पडू लागतील, त्याआधी कोवळी बोंडं हाताशी यायला हवीत. कुणी अगरच्या ठोकळ्यातून अंडाशयाच्या अगदी टोकाचे काप घेतले असतील तर ठोकळा उभा धरला की आडवा, ते कळवा. पिकलेल्या बोंडांतल्या बिया वाटायला ठेवीन, पण पाकिटावर नाव नसेल, फक्त ‘देवरुख, विहीर’ असेल.