द्विशिक्षकी शाळेतले चाळीस मिनिट

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास धरलेत. म्हणजे रोज चार तास. त्यातली चाळीस मिनिटं पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि फोन यांत गेली, तर वर्षाकाठी १३३ तास, म्हणजे तेहतीसेक दिवस गेले. आणि तेही मस्टरवर गुरुजी हजर असताना!

कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणाबाहेरची कामं देता येतात. पण बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम निवडणुकीतच मोडतं. शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एक मतदारयादी घेऊन गावात फिरायला लागला की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. अशा दिवशी सगळ्यांना एका खोलीत कोंबून गोष्ट सांगत बसण्यापेक्षा वाचनाच्या स्तराप्रमाणे गट पाडावेत आणि दिवसभर एकच विषय घ्यावा. पाचवीतलं अडखळणारं मूल दुसरीच्या गटात बसलं तरी चालतं.

एरवी तास बुडतो त्याहून तो तुटतो, हे जास्त वाईट. दुसरीतलं मूल ४२ − १७ = ३५ लिहितं. त्यानं सातातून दोन वजा केलेत, कारण वरच्या दोनातून सात जात नाहीत. त्याच वेळी शेजारी बसून दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवला तर पाच मिनिटांत उलगडतं. नेमका तेव्हाच ‘माहिती तातडीने पाठवा’ असा मेसेज येतो आणि दुपारपर्यंत तीच चूक दहा गणितांत पक्की होते.

म्हणून पहिले दोन तास भाषा-गणिताचे आणि फोन कपाटात. पोषण आहारात चाळीस मुलांना शंभर ग्रॅमप्रमाणे चार किलो तांदूळ लागतो. मापाचा डबा ठरवून ठेवला की रोज वजनकाटा काढावा लागत नाही. ऑनलाइन नोंदी मधल्या सुट्टीनंतर, आलटून पालटून एकानेच कराव्यात.

घरचं ओझंही वर्गात येतंच. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाला, २०२३ पासून १६,००० रुपये मानधन मिळतं. एका बाजूने ४० किलोमीटरचं अपडाउन असेल तर महिन्याला २,००० किलोमीटर होतात. गाडी लिटरला पन्नास देते असं धरलं आणि पेट्रोल शंभराच्या भावाने मोजलं, तरी ४,००० रुपये रस्त्यातच संपतात. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच राहा म्हणणं सोपं आहे, पण नवरा-बायकोच्या शाळा दोन तालुक्यांत असल्या तर मुख्यालय कोणाचं धरायचं?

असा माणूस रात्री वह्या घेऊन बसला की नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा करतो. ३५ कुठून आले हे त्याला दिसत नाही. तेव्हा वह्या घरी न्यायच्याच नाहीत. रोज पाचच तपासायच्या, मूल शेजारी बसवून. वीस मुलांचा फेरा चार दिवसांत पुरा होतो.