तुम्ही विचारलंत म्हणून : अनोळखी खोरे ओळखीचे करताना

उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतरांगेत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी नवा प्रदेश कसा निवडावा, हा प्रश्न परवान्यांच्या अर्जांचे दिवस जवळ आले की मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुधा शिकारीच्या परवान्यांसाठी आखलेल्या एखाद्या विभागाचा क्रमांक हवा असतो आणि त्याच्या हातात यशाच्या टक्केवारीचा तक्ता असतो. त्या तक्त्यावर माझा फारसा भरवसा नाही, कारण खासगी कुरणांत झालेली शिकार आणि सार्वजनिक जंगलात पायपीट करून झालेली शिकार बहुधा एकाच आकड्यात मिसळलेली असते.

मी विभाग नव्हे, एक खोरे निवडतो, आणि निवडताना आधी परतीच्या वाटेचा विचार करतो. प्रौढ नराचे वजन 300 किलोच्या आसपास असते; हाडे काढल्यानंतरही मांस पाठीवरून आणायला तीन-चार खेपा सहज लागतात. जिथून ते खराब होण्याआधी बाहेर काढता येणार नाही, तिथे गोळी झाडण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मी मानतो.

मग नकाशा. 1:24,000 प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 240 मीटर. चारा, पाणी आणि उत्तरेकडे उतरणारी दाट, सावलीची झाडी जवळजवळ असतील, तिथे मी खूण करतो. मात्र डोंगराळ भागात समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, बहुधा उंचीतल्या 40 फुटांच्या अंतराने काढलेल्या असल्यामुळे त्याहून कमी उंचीचे चढउतार त्यांच्यामध्ये हरवून जातात, आणि विश्रांतीसाठी एल्कला नेमका असाच एखादा अरुंद, सपाट टप्पा पुरतो.

म्हणून उन्हाळ्यात पायी फिरणे मला अपरिहार्य वाटते. लेंड्या ताज्या आहेत की वाळलेल्या, शिंगे घासून सोललेली खोडे कुठे आहेत, चिखलातली लोळणीची जागा अलीकडे वापरलेली आहे का, हे मी वहीत लिहितो. त्याबरोबर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशाही लिहितो. ऊन चढले की हवा उतारावरून वर सरकते आणि संध्याकाळी गारव्याने खाली वाहू लागते, त्यामुळे एकाच टप्प्याकडे सकाळी वरून आणि संध्याकाळी खालून जावे लागते. तरीही उन्हाळ्यातल्या खुणांवर विसंबून चालत नाही : सप्टेंबरमध्ये नरांच्या आरोळ्यांनी भरलेले उंचावरचे कुरण जोरदार हिमवर्षावानंतर रिकामे होते आणि कळप खालच्या खोऱ्यांत उतरतात.

माझ्या सध्याच्या खोऱ्यात पहिली दोन वर्षे मी मोकळ्या हातांनी परतलो, तरी जागा बदलली नाही. तिसऱ्या वर्षी एका पडलेल्या झाडाला वळसा घालताना, नकाशावर सलग उतार दाखवलेल्या ठिकाणी, जेमतेम वीस पावले रुंदीचा एक सपाट टप्पा सापडला. तिथले गवत बसून बसून दबलेले होते, आणि वास अजून ताजा होता.