तुम्ही विचारलंत म्हणून: इंटरनेटमध्ये शिकायचं काय असतं?

"इंटरनेट आणि समाज यात एम.ए. म्हणजे नक्की केलंस काय गं?" हे मला लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, आणि परवा तर सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे विचारलं. दोन मजल्यांत मावेल असं उत्तर माझ्याकडे नाही. मी "मीडिया" असं काहीतरी पुटपुटते, समोरचे "म्हणजे न्यूज चॅनल का?" म्हणतात आणि तेवढ्यात दार उघडतं.

नाशिकच्या काकांनी तर माझी पदवी केव्हाच निकालात काढली आहे. त्यांच्या लेखी मी कॉम्प्युटरवाली. प्रिंटर अडकला, गॅसचं बुकिंग होईना, आधारचा ओटीपी येईना, की मला फोन. मी प्रिंटर चालू करूनही देते. (मागचं झाकण उघडून अडकलेला कागद ओढायचा असतो, त्याला एम.ए. लागत नाही.) पण तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगते.

मी २०१७ साली मुंबईला शिकायला गेले. पदवी माध्यम अभ्यासाची, त्यात इंटरनेटचे जेवढे पेपर होते तेवढे घेतले आणि प्रबंधही त्यातच. पहिल्याच सत्रात प्रबंधाचा विषय लिहून द्यायचा होता. मी झोकात लिहिलं, 'सोशल मीडियाचा ग्रामीण तरुणांवर होणारा परिणाम'. कागद परत आला तेव्हा त्यावर एकच खूण होती. 'परिणाम' या शब्दाभोवती पेन्सिलीने काढलेलं गोल. मला वाटलं, णचा घोळ झाला. हॉस्टेलवर जाऊन शब्दकोश बघितला, तर शब्द बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "पाऊस पडला की पिकावर परिणाम होतो. पाऊस ढगातून येतो, पीक खाली असतं. तुझं इंटरनेट कुठल्या ढगातून पडतं?"

मी म्हटलं, "क्लाउडमधून." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत आणि पुढच्या शनिवारी आम्हा सगळ्यांना वर्सोव्याला घेऊन गेल्या.

समुद्राच्या तळावरून येणाऱ्या केबल मुंबईत जिथे जमिनीवर चढतात, त्यातलं एक ठिकाण वर्सोवा. बघायला काही नव्हतं. काठ्यांवर बोंबील वाळत होते, उन्हाने डोकं तापलं होतं. मॅडमनी नुसतं समोर बोट दाखवून सांगितलं की तुमचे फोटो, तुमची भांडणं, तुमचे शेअर बाजार या वाळूखालून जातात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट रखडलं होतं, हे मला तिथे उभं राहून कळलं. आणि जगभरात केबल तुटण्याचं मोठं कारण शार्क वगैरे नसून मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर आहेत, हेही. म्हणजे ढग नाहीच. कुणीतरी पैसे घालून टाकलेली, कुणाच्या तरी मालकीची, कुणाच्या तरी जाळ्यात अडकू शकणारी तार. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. मीही त्याच वर्षीची. आम्ही बरोबरीने वाढलो आणि मला त्याचं अंगण बावीस वर्षांनी दिसलं.

त्यानंतर एक अख्खा तास 'लाईक म्हणजे काय' यावर गेला. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "यासाठी फी भरतोय?" पण तो तास पालघरवर होता. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरचा बंद. एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल पोस्ट लिहिली, दुसरीने तिला लाईक दिलं, आणि दोघींना अटक झाली. आता लाईक म्हणजे काय, सांगा. होकार? सही? की बोलणाऱ्याकडे बघून नुसती हललेली मान? आमच्यातली एक म्हणाली, मी तर वाचलं हे कळवायला लाईक देते. दुसरा म्हणाला, माझा अंगठा चुकून लागतो. पंचवीस जणांच्या वर्गात एका बटणाचे नऊ अर्थ निघाले. पोलिसांनी मात्र एकच धरला होता. त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणं गुन्हा ठरवणारं, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. तो निकाल आम्हाला वाचायला होता. कायद्याची भाषा इतकी गोडीने मी आधी कधी वाचली नव्हती.

खरं तर इथे थांबले असते तर माझं उत्तर सोपं झालं असतं. केबल, कायदा, लाईक, झालं. पण मग २०१८ चा जुलै आला.

१ जुलै, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा त्या भागात व्हॉट्सॲपवरून आधीच पोचली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं.

आमचं दुसरं वर्ष तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. वर्गात कुणीतरी म्हणालं, "व्हॉट्सॲपने पाच माणसं मारली." मागच्या बाकावरून आलं, "व्हॉट्सॲपला हात असतात?" दोघंही चिडलेले होते. मॅडमनी कुणालाच गप्प केलं नाही. फळ्यावर फक्त लिहिलं, 'मेसेज कुणाकडून आला?'

त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या चित्रफितींतली एक मुळात कराचीची होती. मुलं हरवतात, लक्ष ठेवा, हे सांगायला काढलेली छोटी जाहिरात. दुचाकीवरचे दोघं मूल उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. पुढे फिरली ती शेवट कापलेली. म्हणजे कुणीतरी बसून तो कापला. कुणीतरी तो मावसभावाला पाठवला. अनोळखी नंबरवरचा मेसेज आपण पुसून टाकतो, मावसभावाचा उघडतो. त्यात तंत्रज्ञान कमी आणि मावसभाऊ जास्त.

आणि धरले गेले ते कोण? पालं टाकून गावोगाव फिरणारे. भटक्यांकडे संशयाने बघायला आपल्याला कुठल्या ॲपने शिकवलं नाही. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींवर कायद्यानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण वेशीवर पाल दिसलं की "कोंबड्या सांभाळा" म्हणणारी माझी स्वतःची आजी मला आठवते. प्रेमळ होती हो. तरी म्हणायची.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मर्यादा जाहीर केली, एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल. आमच्यातला एक इंजिनिअरिंग करून आलेला, तो लगेच फळ्याकडे गेला. तेव्हा ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ जण. पाच ग्रुप म्हणजे १,२८०. खडू खाली ठेवून त्याने विचारलं, "आता एका पाड्यात माणसं किती?" मर्यादा अगदीच वाया गेली असं मी म्हणणार नाही. अफवा लांब जायला त्यामुळे वेळ लागतो, आणि २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लावली गेली. पण जवळच्या जवळ फिरायचं असेल तर पाच ग्रुपही लागत नाहीत. बाजाराचा दिवस पुरतो.

'परिणाम' या शब्दाभोवतीचं गोल मला कळलं ते तेव्हा. आधी समाज आणि मग त्यावर वरून पडलेलं इंटरनेट, असे दोन तुकडे करून मी निघाले होते. मावसभाऊ नक्की कुठल्या तुकड्यात टाकायचा?

प्रबंध बदलला. नवा विषय होता, घरातला एकच फोन घरात कसा फिरतो. त्यासाठी दिवाळीनंतर नाशिक जिल्ह्यातल्या दोन गावांत महिनाभर राहिले. नंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी आली, त्यात बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? देशातल्या ५४ टक्के बायका हो म्हणाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलंय, असं ३३ टक्के बायका म्हणाल्या आणि ५७ टक्के पुरुष. मला त्या प्रश्नातला 'स्वतः' हा शब्द फार आवडतो. गावात पहिल्या दिवशी मी "फोन आहे का?" एवढंच विचारत होते आणि सगळ्याजणी "आहे ना" म्हणत होत्या. आहे, पण धन्याच्या खिशात. आहे, पण पोरगा शाळेतून आल्यावर. आहे, पण लॉक पोरालाच येतं.

एका घरी फोन तांदळाच्या डब्यावर ठेवलेला असायचा, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. दुपारी दोन ते चार तो तिचा. त्या फोनमध्ये तिच्या एका मैत्रिणीचा नंबर भलत्याच नावाने ठेवलेला होता. कारण घरात त्या मैत्रिणीचं नाव चालत नव्हतं. तिने मला ते नाव दाखवलं आणि आम्ही दोघी अशा हसलो की ओट्यावरून सासूबाईंनी विचारलं, काय झालं? "काही नाही आत्या, फोनात गंमत आली," ती म्हणाली.

ते नाव मी प्रबंधात लिहिलं नाही, इथेही लिहिणार नाही. संमती या विषयावर आम्हाला तीन आठवडे पिळून काढलं होतं. २०१२ साली फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ जणांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट मुद्दाम कमी केल्या, आणि मग ते लोक स्वतः काय लिहितात ते मोजलं. २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा जगाला कळलं. वेगळी परवानगी कुणाकडेच मागितली नव्हती. सापडलेला फरकही अगदी किरकोळ होता. मी सतरा घरांत परवानगी मागत फिरले, दोन घरांनी चहा पाजून नाही म्हटलं, आणि तेव्हा मला फार राग आला होता हेही कबूल करते.

नोकरीचं विचारायचं राहिलंय ना? मिळते. ॲप बनवणाऱ्यांना, सामाजिक संस्थांना, बातम्यांची खातरजमा करणाऱ्यांना, कॉलेजांना अशी माणसं लागतात. पगार इंजिनिअरच्या निम्मा. पुढचा प्रश्न.

काकांना हे सगळं गेल्या गणपतीत सांगून बघितलं. ऐकून घेतलं त्यांनी, मग म्हणाले, "उदाहरण दे." मी म्हटलं, "तुमच्या घरातल्या वायफायचा पासवर्ड कुणी ठरवला?"

"मी."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

त्यांनी बोटं मोजली. ते, मुलगा, नातू. सूनबाईलाही, पण परीक्षेच्या दिवसांत तो बदलतात आणि तिला सांगत नाहीत, म्हणजे ती नातवाला देणार नाही. काकूचं नाव आलंच नाही. मी सुखावले. माझा अख्खा प्रबंध दिवाणखान्यात उभा राहिला होता. मी विजयी सुरात विचारलं, "आणि काकूला?"

"तिला कशाला? ती कुठे बघते."

मी स्वयंपाकघरात गेले. काकू मोदकाची पारी हातावर फिरवत होती आणि शेगडीशेजारी फोनवर कुणीतरी कळ्या कशा पाडायच्या ते दाखवत होतं. चित्र अजिबात अडकत नव्हतं.

"काकू, हे कशावर चाललंय? तुला तर पासवर्ड..."

"त्यांचं मेलं सारखं जातं गं," ती म्हणाली. "मला शेजारच्या वहिनींनी त्यांचा घालून दिलाय. दोन वर्षं झाली. यांना बोलू नकोस."

तिला विचारून लिहिलंय. काका हे वाचत नाहीत.